पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मोजताय? या चुका टाळा

हिप्परग्याच्या तलावावर सकाळी सातला बाटली भरायची, गाडीच्या डिकीत टाकायची आणि दुपारी कॉलेजात येऊन टायट्रेशन करायचं (म्हणजे माहीत तीव्रतेचं द्रावण थेंबाथेंबानं टाकून रंग बदलेपर्यंत किती लागतं ते मोजायचं). प्रकल्पाच्या मुलांची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सोलापूरच्या एप्रिलात डिकीतलं पाणी तापतं आणि वायू सुटतो. त्याच वेळी बाटलीतल्या जिवाणूंचं श्वसन चालू राहून नवा वायू तयार होतो. आकडा वाढला की घटला, सांगता येत नाही. ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबानं सोडायची, खुणा असलेली नळी) आणि स्टँड काठावरच न्या.

बादलीतून धार धरून बाटली भरू नका, खळखळाटात वायू उडतो. नळी तळाला टेकवा, पाणी खालून चढू द्या, चांगलं ओसंडू द्या, बुडबुडा न ठेवता बूच लावा.

१०० मिलि नमुन्यात फिनॉल्फ्थॅलीन (अल्कधर्मी पाण्यात गुलाबी होणारा दर्शक) घालून ०.०२२७ नॉर्मल (तीव्रतेचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइड वापरलं, तर १ मिलि म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. हे द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर होतं. मग ते जास्त लागतं आणि उत्तर फुगतं. म्हणून ताजं करा, प्रमाणित करून (त्याची खरी तीव्रता तपासून) घ्या. मी नमुना दोनदा करतो: पहिल्यांदा अंदाज घ्यायचा, दुसऱ्यांदा बहुतेक द्रावण एकदम सोडून शेवटचे थेंब सावकाश टाकायचे. फ्लास्क हलकेच फिरवा. फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांबा.

उजनीच्या हिरव्या पाण्यात दुपारी फिनॉल्फ्थॅलीन टाकताच गुलाबी रंग येतो. मुलं घाबरतात, “सर, बिघडलं!” काही बिघडलेलं नसतं. शेवाळानं उन्हात वायू वापरून टाकलेला असतो आणि सामू (pH) ८.३ च्या वर गेलेला असतो. वहीत ‘मुक्त कार्बन डायऑक्साइड नाही’ असं लिहा आणि त्याच जागी पहाटे उजाडायच्या आत पुन्हा जा. रात्रभर नुसतं श्वसन चाललेलं असतं, त्यामुळे आकडा वेगळा येतो. वेळ न लिहिलेली नोंद मी तपासतच नाही.

टायट्रेशनऐवजी सामू आणि अल्कतेवरून (आम्ल शोषायची पाण्याची क्षमता) कार्बन डायऑक्साइडचं गणित करणार असाल, तर सामूचा मीटर त्याच दिवशी बफरवर (ठरावीक सामूच्या द्रावणावर) लावून घ्या. सामूत ०.१ ची चूक झाली, तर उत्तर साधारण २५ टक्क्यांनी हलतं.

ब्युरेटचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलि, म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम. २५ अंशाला हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात हा वायू असतोच लिटरला जेमतेम ०.६ मिलिग्रॅम. तेव्हा या पद्धतीनं काढलेलं उत्तर ४.३७ असं लिहू नका.