मार्केटिंगवरचे व्यावसायिक वक्ते व्हायचे असेल तर

‘मी मार्केटिंगवर बोलतो’ एवढीच ओळख सांगणाऱ्या वक्त्याला नेमके कशासाठी बोलवायचे, हे आयोजकाला कळत नाही. त्यामुळे वक्तृत्वावर मेहनत घेण्याआधी आपला श्रोता ठरवावा. भोसरी किंवा चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकाचे ग्राहक मोजकेच असतात आणि त्याचा सारा व्यवहार मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाशी चालतो. सांगलीच्या हळद विक्रेत्याची अडचण निराळी आहे. या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागातील खास मालाची अधिकृत ओळख) मिळाले, पण ते पाकिटावर वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि त्यानंतर ग्राहकाला त्याचे महत्त्व पटवावे लागते. या दोघांना एकच भाषण ऐकवणे म्हणजे दोघांचाही वेळ वाया घालवणे होय.

श्रोता ठरला की त्या वर्गातील आठ-दहा व्यावसायिकांना त्यांच्या जागेवर जाऊन भेटावे आणि ऑर्डर कुठे अडते, हे विचारावे. लघुउद्योजकांकडून हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘कोटेशन जाते, पण उत्तर येत नाही’. चाळीस मिनिटांच्या व्याख्यानाला एवढा एकच प्रश्न पुरतो. एखाद्याचे खरे कोटेशन त्याच्या परवानगीने, नाव झाकून पडद्यावर दाखवावे आणि माल कधी मिळेल हे कोणत्या ओळीत लिहिले आहे, असे सभागृहाला विचारावे. पुष्कळदा ती ओळ नसतेच. किंमत ठळक असते, मात्र मुदत, तपासणीची पद्धत आणि शंका आल्यास कोणाला फोन करायचा, हे नसते. मग तेच कोटेशन सर्वांसमोर नव्याने लिहून दाखवावे. मार्केटिंगच्या व्याख्या सांगण्यापेक्षा ही दहा मिनिटे अधिक मोलाची असतात, कारण श्रोत्याला दुसऱ्या दिवशी कारखान्यात करण्यासारखे काहीतरी हाती लागते.

सरावासाठी टोस्टमास्टर्स या वक्तृत्वाचा सराव करून घेणाऱ्या संस्थेचे क्लब चांगले आहेत. 1924 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या संस्थेचे क्लब मुंबई-पुण्यातही आहेत. तिथे साधारण पाच ते सात मिनिटांची भाषणे होतात, वेळ हिरव्या, पिवळ्या आणि लाल खुणेने दाखवली जाते आणि भाषणानंतर मूल्यमापक उणिवा तोंडावर सांगतो. परंतु तिथले श्रोते स्वतः शिकणारे आणि समजून घेणारे असतात. दुकान किंवा कारखाना सोडून आलेला माणूस तितका धीर धरत नाही. म्हणून लवकरच रोटरी क्लबच्या सभा, एमआयडीसीतील उद्योजकांच्या संघटना आणि व्यापारी मंडळे येथे बोलायला जावे. सुरुवातीची काही व्याख्याने विनामूल्य द्यायला हरकत नाही, मात्र त्या बदल्यात चित्रीकरण, लेखी अभिप्राय आणि दुसऱ्या आयोजकाशी ओळख या तीन गोष्टी आधीच मागून घ्याव्यात.

मानधनाबाबत आपल्याकडे संकोच फार. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून व्याख्यानाकडे लोकशिक्षण म्हणून पाहिले गेले, ही आपली अभिमानाची परंपरा आहे. परंतु विक्री वाढवण्यासाठी कंपनीने ठेवलेले सत्र हे त्या परंपरेतील व्याख्यान नव्हे आणि तिथे शाल-श्रीफळावर समाधान मानण्याचे कारण नाही. मानधन, प्रवासखर्च, मुक्काम, कार्यक्रम रद्द झाल्यास काय आणि रक्कम किती दिवसांत मिळेल, हे सर्व ईमेलवर ठरवून घ्यावे. कंपन्या ठरावीक मर्यादेपुढील व्यावसायिक शुल्कातून सहसा दहा टक्के टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापतात, तेव्हा हाती येणारी रक्कम गृहीत धरूनच आकडा सांगावा. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांपुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते; नोंदणीनंतर 18 टक्के कर मानधनाव्यतिरिक्त आकारला जाईल, असे पत्रातच लिहावे, नाहीतर तो आपल्याच खिशातून जातो.

व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांशी संपर्क ठेवणे अनेक वक्ते टाळतात, आणि मला ती मोठी चूक वाटते. ज्यांनी आपणहून नंबर दिला असेल, त्यांना महिन्याभराने फोन करावा. कोटेशन बदलले का, बदलल्यावर खरेदी विभागाकडून काही विचारणा झाली का, हे विचारावे आणि काहीच फरक पडला नसेल तर त्याचे कारणही लिहून घ्यावे. पुढच्या सत्रात कोणता भाग ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे याच नोंदींवरून ठरवावे.