मे महिन्यात सायकल आणि तंबू घेऊन पानशेतला जाताय? मग हे वाचा

पहाटे साडेचारला पुण्यातून निघा, चढ साडेनऊच्या आत संपवा, कारण दहानंतर कच्च्या रस्त्यावरचा मुरूम असा तापतो की खालूनपण भाजतं. बाटलीवर जुना सुती मोजा चढवून तो ओला करा, वाऱ्याने पाणी सुकत जातं आणि आतलं पाणी बऱ्यापैकी गार राहतं, फक्त घाट उतरून कोकणात गेलात तर दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही (मी माणगावला उकळतं पाणी प्यायलोय). नुसतं पाणी ढोसू नका, मीठपण जातं घामातून, ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घालायचं, अर्ध्या बाटलीत नाही. अकरा ते चार सरळ आंब्याखाली आडवं व्हा, तंबू तेव्हा लावूच नका, आत भट्टी होते, सूर्य कलला की लावा आणि वरचं कव्हर काढून नुसती जाळी ठेवा. सोबतचा कोणी असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन. रेंजचं मात्र तिकडे काही खरं नसतं, शेवटचं नेटवर्क कुठे होतं ते जाताना बघून ठेवा.