फ्रीलान्स सॉफ्टवेअरच्या कामाचा दर कसा ठरवावा, क्लायंटशी आधी काय बोलून घ्यावं

‘एक साधंसं सॉफ्टवेअर हवंय, किती घ्याल?’ असं कुणी फोनवर विचारलं, तर लगेच आकडा सांगू नका. तो आकडा समोरच्याच्या डोक्यात पक्का बसतो आणि पुढे काम दुप्पट झालं तरी बोलणी तिथूनच सुरू होतात. पैशावरून होणारी बहुतेक भांडणं खरं तर न लिहिलेल्या कामावरून होतात, म्हणून दर ठरवणं आणि काम लिहून काढणं हे एकाच बैठकीत करायचं.

१. आधी स्वतःचा तासाचा दर काढा

बाजारात काय चाललंय ते नंतर बघा. समजा घरखर्च, विमा आणि बचत धरून तुम्हाला महिन्याला ६०,००० रुपये लागतात. वर्षाचे झाले ७,२०,०००. लॅपटॉप, इंटरनेट, सीएची फी आणि कर यांसाठी १,८०,००० धरा. एकूण ९,००,०००. आता तास मोजा. सणवार, आजारपण आणि रिकामे आठवडे वगळले तर वर्षात ४४ आठवडे उरतात. आठवड्यात ४० तास बसलात तरी कोटेशन, फोन, नवं काम शोधणं यात बराच वेळ जातो, बिल लावता येतील असे तास साधारण २५च. म्हणजे वर्षाला १,१०० तास आणि तासाला सुमारे ८१८ रुपये. हा तळ झाला. पैसे उशिरा येतात, कधी बुडतात, म्हणून ९०० धरा. पगाराला १६० तासांनी भागून दर काढणारे वर्षभर राबतात आणि हातात काही उरत नाही.

२. काम समजून घ्या

इचलकरंजीतल्या एका कापड व्यापाऱ्याला बिलं आणि उधारी सांभाळणारं वेब अ‍ॅप हवं आहे असं धरू. मालक सांगतील ते ऐकाच, पण रोज संगणकावर बसणाऱ्या दिवाणजींनाही भेटा. मागच्या तीन महिन्यांची बिलं बघायला मागा. परत आलेल्या मालाचं काय करता, एका पार्टीला दोन दर लागतात का, हे प्रश्न तिथेच सुचतात. आणि निम्मं काम या अपवादांतच असतं.

३. तास मांडा

स्क्रीन आणि कोडिंगचे ७० तास, एक्सेलमधला जुना डेटा आणायला १५, तपासणी आणि दुरुस्त्या २०, सर्व्हरवर चढवणं आणि दिवाणजींना शिकवणं १०, फोन आणि बैठका १५. एकूण १३०. त्यावर २० टक्के वाढवा, झाले १५६. तासाला ९०० प्रमाणे १,४०,४०० होतात, कोटेशन १,४०,०००चं द्या. बैठकांचे तास धरायला संकोच वाटतो, पण तो वेळ तुमचाच जातो.

४. कोटेशनमध्ये ‘यात नाही’ असा रकाना ठेवा

माझ्या मते कोटेशनचा सगळ्यात मोलाचा भाग हाच. मोबाइल अ‍ॅप नाही, टॅलीशी जोडणी नाही, जुना डेटा एकदाच आणणार, असं स्पष्ट लिहा. उधारीची आठवण एसएमएसने पाठवायची असेल, तर त्यासाठी व्यवसायाच्या नावाने टेलिकॉम कंपन्यांकडे डीएलटी ही नोंदणी लागते आणि प्रत्येक मेसेजचे पैसे पडतात. हे सगळं फुकट असतं, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. डोमेन आणि सर्व्हर क्लायंटच्या नावावर, त्यांच्याच खर्चाने घ्या. कोटेशन किती दिवस लागू राहील तेही लिहा.

दर कमी करायला सांगितलं, तर काम कमी करून दाखवा: ‘रिपोर्ट पुढच्या टप्प्यात घेऊ, मग १,२०,०००मध्ये बसेल.’ तेच काम कमी पैशात केलंत, तर पहिला आकडा फुगवलेला होता असाच अर्थ निघतो.

५. पैसे टप्प्यांत घ्या

सुरुवातीला ३० टक्के, चालता नमुना दाखवल्यावर ३०, सर्व्हरवर चढवण्याआधी ३०, महिन्याभराने १०. म्हणजे ४२,००० चे तीन हप्ते आणि शेवटी १४,०००. अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय कोडची एक ओळही लिहू नका.

क्लायंटला टीडीएस कापणं लागू असेल, तर व्यावसायिक फीवर १० टक्के कापले जातात आणि ४२,००० ऐवजी ३७,८०० जमा होतात. ही रक्कम रिटर्न भरताना हिशेबात येते, पण महिन्याचं गणित आधी करून ठेवा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि बिलावर १८ टक्के लागतात, म्हणून ‘कर वेगळा’ हे शब्द कोटेशनमध्ये असूच द्या. उद्यम नोंदणी जरूर करा. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत छोट्या व्यावसायिकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं बंधनकारक आहे.

६. मध्येच काम वाढलं तर

वाढणारच. ‘नाही’ म्हणून अडून बसू नका, फुकट करूनही देऊ नका. किती तास, किती पैसे, तारीख किती पुढे जाईल, हे तीन ओळींत व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा आणि होकार आल्यावरच हात घाला. यंत्रमागाची मजुरी ‘पिक’वर, म्हणजे इंचभर कापडात किती आडवे धागे आहेत त्यावर ठरते. आडवे धागे दाट झाले की मजुरी वाढते, हे इचलकरंजीच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. मोजमाप समोर ठेवलंत तर तुमचा वाढीव दरही त्यांना पटतो.

दर आठवड्याला ठरलेल्या वारी, जेवढं झालं असेल तेवढं चालवून दाखवा. उशीर होणार हे कळलं की त्याच दिवशी फोन करा. शेवटच्या तारखेला कळलेला उशीर माणसं विसरत नाहीत.

७. काम सोपवताना

तुमच्या चुकीमुळे काही बिघडलं, तर ३० दिवस मोफत दुरुस्ती द्या. त्यानंतर वार्षिक देखभालीचा करार करा आणि नव्या मागण्यांचा हिशेब वेगळा ठेवा. कोडच्या मालकीचंही आधीच ठरवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्याने लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे त्याचाच असतो आणि तो लेखी, सही केलेल्या करारानेच दुसऱ्याकडे जातो. ‘शेवटचा हप्ता मिळाल्यावर हक्क क्लायंटकडे’ हे वाक्य करारात घाला, पैसे जमा झाले की सोर्स कोड आणि सगळे पासवर्ड त्याच दिवशी सोपवा.