जुन्या मॉडिफाय केलेल्या गाडीचा विमा: या चुका टाळा

ज्याच्या दारात वीस वर्षांपूर्वीची होंडा सिटी व्हीटेक किंवा पॅलिओ १.६ उभी आहे, तो माणूस तिच्या स्प्रिंगवर आणि एक्झॉस्टवर तासभर बोलेल. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, किती आहे विचारा, गप्प होईल. सगळी गोची तिथेच सुरू होते.

गाडी पाच वर्षांची होईपर्यंत आयडीव्हीसाठी घसाऱ्याचा तक्ता ठरलेला असतो. त्यानंतरची किंमत मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायची असते. पण आपण मोबाइलवर समोर आलेला आकडा मान्य करून पैसे भरतो, आणि हप्ता कमी आला म्हणून खूशही होतो. समजा, आयडीव्ही दीड लाख आहे आणि गाडीवर तुम्ही तीन लाख घातले आहेत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे १,१२,५०० रुपयांवर गेला की गाडी टोटल लॉस. समोरून एक बरी धडक बसली, बंपर, बोनेट आणि रेडिएटर गेले की एवढं बिल सहज होतं. चांगली दुरुस्त होण्याजोगी गाडी त्या दिवशी कागदावर भंगार ठरते. म्हणून रिन्यूअलच्या महिनाभर आधी बिलं, फोटो आणि त्याच मॉडेलचे सध्याचे बाजारभाव घेऊन थेट शाखेत जा. एका कंपनीने नाही म्हटलं तर दुसरीकडे विचारा.

दुसरी चूक ‘मॉडिफिकेशन आहे का?’ या रकान्यात डोळे मिटून ‘नाही’ लिहिण्याची. खरं लिहिलं तर विमाच मिळणार नाही, अशी भीती असते. पण सगळे बदल सारखे नसतात. म्युझिक सिस्टीम, जादा दिवे यांसारख्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंची किंमत पॉलिसीत वेगळी लिहून घेता येते. जुन्या टॅरिफमध्ये त्यासाठी किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता होता, म्हणजे चाळीस हजारांच्या सिस्टीमला सोळाशे रुपये. अलॉय आणि बॉडी किटही ॲक्सेसरी म्हणून लिहून घेता येतात. लिहिलेलं नसेल, तर ते चोरीला गेल्यावर मागायचं कशाच्या जोरावर?

इंजिनाची गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. भंगारातून त्याच मॉडेलचं इंजिन आणून बसवलं तरी आरसीवर जुनाच नंबर राहतो. अपघातानंतर सर्व्हेअर इंजिन आणि चॅसीचे नंबर आरसीशी ताडून पाहतो, तिथेच क्लेम अडकतो. मोठं इंजिन टाकणाऱ्यांची अडचण त्याहून मोठी: सिटीचं इंजिन १,४९३ सीसीचं, त्यामुळे जून २०२२ च्या दरांनुसार थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये, १,५०० सीसी ओलांडलं की ७,८९७. म्हणजे हप्ताही चुकीच्या गटातला भरला गेला. रंग बदलला असेल तर त्याचीही आरसीवर नोंद हवी. ही कामं आधी आरटीओत उरकायची आणि मगच विम्याकडे वळायचं.

‘फर्स्ट पार्टी आहे, सगळं मिळेल’ हाही गैरसमज. दहा वर्षांपुढच्या गाडीत बदललेल्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. प्लास्टिक आणि रबरावरही ५०, फायबरवर ३०, काचेवर शून्य. (सॅन स्टॉर्म या छोट्या स्पोर्ट्स कारवाल्यांची इथे गंमत आहे, अख्खी बॉडीच फायबरची!) झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा सोय, एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला, म्हणजे सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतीला, उतरणार असाल, तर तिथे तुमची नेहमीची पॉलिसी चालत नाही. शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात वगळलेली असते.

गाडी फिरत नाही म्हणून विमा संपू देणारेही पुष्कळ. ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण राहून गेलं असेल तर तेही क्लेममध्ये आडवं येतं. पॉलिसी तुटल्यावर होणाऱ्या तपासणीला मात्र घाबरू नका. मी तर वेळेवर रिन्यूअल असलं तरी नव्या बदलानंतर ती मागून घेतो. गाडी कशी होती याचे फोटो मग कंपनीच्याच फाइलमध्ये राहतात.

एवढं करूनही क्लेम नाकारला तर फोनवरच्या उत्तरावर थांबू नका. कारण लेखी मागा, सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. झाड पडून टप दबला असेल तर बदललेल्या एक्झॉस्टचा त्याच्याशी संबंध काय, हे लेखी विचारा. पूर्ण रक्कम देता येत नसेल तर काही प्रकरणांत ७५ टक्क्यांपर्यंत ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोड होते, तीही मागून पाहा. कंपनीच्या तक्रार विभागाने महिनाभरात दाद दिली नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मात्र नकार आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.