प्लास्टिकवर बोलायला बसताय? आधी कचरा मांडा

हवामानबदलावर बोलायला लोक जमले की बहुतेकदा एक जण बोलतो, बाकीचे माना डोलावतात. त्यापेक्षा सगळ्यांच्या घरचं आठवड्याचं प्लास्टिक मधोमध ओता आणि त्याच्याभोवती बसा. वस्तू समोर असली की गप्प माणूसही बोलतो.

आठ ते बारा घरं पुरेत. प्रत्येक घराला सारखं पोतं द्या आणि बजावून सांगा, प्लास्टिक विसळून, निथळून, कोरडं करूनच टाकायचं. हे राहिलं की तीन-चार दिवसांत वास सुटतो, आणि घरातलं कुणीतरी पोतं बाहेर फेकून देतं. पोत्यावर नाव लिहू नका. कुणाचा कचरा जास्त हे दिसलं की माणसं सफाई देत बसतात.

बैठक दीड तासाची ठेवा. जुनी चादर, हातमोजे, वजनकाटा आणि पाण्याची बादली लागेल. भंगार घेणाऱ्या कुणाला बोलावता आलं तर जरूर बोलवा. काय विकलं जातं आणि काय पडून राहतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पहिली वीस मिनिटं नुसती वर्गवारी. वस्तूवर छापलेल्या त्रिकोणातला आकडा बघा: 1 म्हणजे पेट, म्हणजे पाण्याच्या-शीतपेयांच्या बाटल्यांचं प्लास्टिक, 2 आणि 5 बहुधा डबे-झाकणं, 4 पातळ पिशव्या. आकडा प्लास्टिकची जात सांगतो. ते पुन्हा वापरात येईलच, असं नाही. आकडा पुसला असेल तर तुकडा बादलीत दाबून सोडा. पेट बुडतं, 2, 4 आणि 5 वर येतात. हवेचे बुडबुडे चिकटले तर पेटही तरंगतं, म्हणून आधी साबणाचा थेंब टाकून ढवळा. चकचकीत पाकीट फाडून दाखवा: प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं फार अवघड. ही पाकिटं वजनाला काहीच भरत नाहीत, म्हणून वजनासोबत नगही मोजा.

मग पहिला प्रश्न: यातलं काय तुम्हाला नको असताना घरात आलं? प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही.

हवामानाचा धागा इथे जोडा. प्लास्टिक जवळजवळ सगळं खनिज तेल आणि वायूपासून बनतं. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या हिशेबाने 2019 साली जगाने सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी, म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या वायूंपैकी, 3.4 टक्के प्लास्टिकमुळे होते, त्यातले सुमारे 90 टक्के ते तयार करतानाचे. त्या वर्षी प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्क्यांचा पुनर्वापर झाला. म्हणजे मुळात कमी घेणं महत्त्वाचं. 3.4 चा आकडा फुगवू नका. एखाद्या जाणकाराने तो खोडला की पुढचं कुणी ऐकत नाही.

“कंपन्यांना सांगा ना, आम्हाला काय?” असं कुणी म्हणणारच, आणि त्यात तथ्य आहे. वाद घालू नका. दोन कागद लावा, ‘आपल्या हातातलं’ आणि ‘कुणाकडे मागायचं’, आणि तक्रार दुसऱ्यावर लिहा.

शेवटी टाळायची एकच वस्तू निवडा, महिनाभरासाठी. पाच ठरवल्या तर एकही टिकत नाही. नव्या कापडी पिशव्या वाटू नका; कापूस पिकवायला भरपूर पाणी लागतं, घरातल्या जुन्याच काढा. महिन्याने पुन्हा सात दिवसांची पोती भरा, पण सणाचा किंवा पाहुण्यांचा आठवडा टाळा, नाहीतर आकडे जुळत नाहीत.