ऑनलाइन सेकंडहँड लॅपटॉप घेताय? या चुका टाळा, नाहीतर दुसऱ्याच्या कंपनीचा लॅपटॉप गळ्यात पडेल

नाशिकमध्ये लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की एमजी रोडला चक्कर मारायची, भाव काढायचा आणि घरी येऊन तेच मॉडेल ऑनलाइन थोडं स्वस्त दिसलं की ऑर्डर टाकून मोकळं व्हायचं, हे आपल्याकडे चालतंच. घ्या की, त्यात वाईट काही नाही. घोळ होतो तो बॉक्स उघडल्यावर. लोक बघतात काय, तर बॉडीला स्क्रॅच आहे का आणि आय सेव्हनचं स्टिकर आहे ना. स्टिकर काय, कोणीही चिकटवतं.

आधी सिरीयल नंबर. खालच्या झाकणावरचा नंबर खरा मानू नका, झाकण बदलता येतं. लॅपटॉप चालू होताना डेलला एफ टू, एचपीला एफ टेन, थिंकपॅडला एफ वन दाबत राहा, बायोस (विंडोजच्या आधी चालणारं लॅपटॉपचं आतलं सेटिंग) उघडेल. तिथला नंबर (डेलवाले त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात), झाकणावरचा आणि बिलावरचा, तिन्ही सेम पाहिजेत. मग तोच नंबर कंपनीच्या सपोर्ट साइटवर टाका, मॉडेल आणि वॉरंटीच्या तारखा दिसतात, विकणारा "एकच वर्ष वापरलाय" म्हणत असेल आणि वॉरंटी पाच वर्षांपूर्वी सुरू झाली असेल तर काय ते समजून घ्या. बायोसमध्ये नंबरच्या जागी रिकामं किंवा "डिफॉल्ट स्ट्रिंग" असलं काही दिसलं तर मदरबोर्ड बदललाय किंवा छेडछाड झालीय. बोर्ड बदलला म्हणजे चोरीचाच असं नाही, पण रिपेअरची पावती मागा, नसेल तर सरळ परत करा.

आता सगळ्यात मोठी चूक: डेस्कटॉप आला, यूट्यूब लागलं, म्हणजे माल ओके. अहो, स्वस्तात मिळणारे लॅटिट्यूड, एलिटबुक, थिंकपॅड बऱ्याचदा कंपन्यांमधून लीज संपल्यावर लॉटमध्ये निघालेले असतात, आणि त्यांच्या आयटीवाल्यांनी मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटमधून (कंपन्या आपली मशीन्स जिथे नोंदवतात ती सेवा) ते मशीन काढलं नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते अजून त्या कंपनीचंच. विकणारा नेट न जोडता विंडोज टाकतो, त्यामुळे त्याच्याकडे सगळं नीट, तुमच्याकडेही नीट, आणि मग कधीतरी तुम्ही फॉरमॅट मारता आणि स्क्रीनवर कुठल्यातरी बेंगळुरूच्या कंपनीचं नाव येतं, खाली ऑफिसचा ईमेल मागतात. मग बसा. परत विंडोज टाकून उपयोग नाही, एसएसडी (आतली डिस्क) बदलूनही नाही, कारण नोंद हार्डवेअरची असते, आणि ती काढायला त्या कंपनीच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या दारात मालकीचे कागद घेऊन जावं लागतं, जे तुमच्याकडे नसतात.

म्हणून रिटर्नची मुदत चालू असतानाच स्वतः रिसेट मारा. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रिसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि सेटअपमध्ये वायफाय जोडायचंच, स्किप करायचं नाही. साधं तुमच्या नावाचं अकाउंट बनलं तर सुटलात. बायोसमध्ये गेलातच तर सिक्युरिटीत ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस (कंपनीला मशीन लांबून शोधता, लॉक करता येतं ती सोय) ॲक्टिव्हेटेड नाही ना आणि ॲडमिन पासवर्ड लावलेला नाही ना तेही बघा. मॅकबुक असेल तर ॲक्टिव्हेशन लॉक (जुन्या मालकाच्या ॲपल अकाउंटचं कुलूप) त्याच्याकडूनच काढून घ्या. बॅटरी बदलता येते, कीबोर्ड बदलता येतो, हे कुलूप मात्र आपल्याला काढता येत नाही, म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं.

"आय सेव्हन आहे भाऊ" यावर भाळू नका, जनरेशन विचारा. आय सेव्हन ६६००यू ला दोनच कोअर, आठव्या जनरेशनच्या आय फाइव्ह ८२५०यू ला चार. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी जनरेशन तरी लागते. सहाव्यावर विंडोज ११ पळताना दिसलं तर तो जुगाड आहे.

विंडोज खरं का, यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, एक्सपीआर टाइप करा, संपायची तारीख आली तर ॲक्टिव्हेशन तुमचं नाही. बॅटरीला पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट. डिझाइन कपॅसिटी ५०,००० आणि फुल चार्ज २५,००० असेल तर बॅटरी अर्धी संपलीय. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट ॲपमध्ये एसएसडीचे पॉवर ऑन तास बघा, वर्षाचे तासच ८,७६०, मग "एक वर्ष वापरलेल्या" मशीनमध्ये १४,००० कुठून आले? डेलमध्ये बॅटरी चार्जच होत नसेल आणि चालू होताना ॲडाप्टर ओळखता येत नाही असा मेसेज येत असेल तर बॅटरीला शिव्या देऊ नका, आधी ओरिजिनल चार्जर लावून बघा.

बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव येतं. महाराष्ट्रातल्या दुकानाचा नंबर २७ ने सुरू होतो, पत्ता नाशिकचा आणि नंबर ०७ ने, तर तो दिल्लीचा.

आणि थेट माणसाकडून घेत असाल तर "आर्मीत आहे, देवळाली कॅम्पला होतो, बदली झाली, ॲडव्हान्स टाका, कुरिअर करतो" ही कॅसेट ऐकली की फोन ठेवा, आयकार्डचा फोटो पाठवला तरी. कॉलेज रोडच्या एखाद्या कॅफेत भेटा, वायफाय असतंच, रिसेट तिथेच मारा. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, दुकानदार रिटर्न घेत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला.