हीटर कॉइल बायपास करण्याआधी

हीटर कॉइल म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, ज्यातून इंजिनचं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरतं. ती गळू लागली की तिला वगळून दोन्ही होज (रबरी पाइप) एकमेकांना जोडणं म्हणजे बायपास. सर्वात आधी, गळतेय ती हीटर कॉइलच आहे ना याची खात्री करा. ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरचं कार्पेट एसीच्या पाण्यानेही भिजतं. तिथे पांढरा रुमाल दाबा. पाणी बिनरंगी, बिनवासाचं निघालं तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे, पुढचं काही करायला नको. रुमालावर हिरवा किंवा गुलाबी चिकट डाग, गोडसर वास, समोरच्या काचेवर आतून पुसूनही न जाणारा तेलकट थर आणि टाकीतलं कूलंट सतत कमी होत असेल, तर मात्र कॉइल गेली.

नवी कॉइल टाकायची तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून मजुरी जड जाते. नागपुरात मार्च ते जून हीटरला कोणी हात लावत नाही, त्यामुळे तोवर बायपासवर काम निभतं. पण 29 डिसेंबर 2018 ला इथेच पारा 3.5 अंशांवर आला होता, तेव्हा थंडीपर्यंत कॉइलचे पैसे बाजूला ठेवा. पावसाळ्यात काचेवरचं धुकं घालवायला एसी लागेल, तो धड चालतो का तेही बघून घ्या.

आता सामान. इंजिनच्या डोक्याकडून येणारा आणि वॉटर पंपाकडे परत जाणारा, असे दोन होज फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, आत जातात. त्यांचा आतला व्यास बहुधा 16 किंवा 19 मिमी असतो. अंदाजाने न घेता मोजून जा. दोन्ही होज एकमेकांना जोडायला पितळी जॉइंटर किंवा यू आकाराचा तयार होज, आणि नव्या क्लिपा घ्या. बागेतला किंवा पेट्रोलचा पाइप अजिबात चालवू नका. आतलं कूलंट 90 अंशांच्या वर आणि दाबाखाली फिरतं, असला पाइप मऊ पडून फुटतो. सरळ होज वाकवून लावला तर तो वळणावर चेपतो, हेही लक्षात असू द्या.

मिस्त्री घाईत असेल तर इंजिनाकडच्या दोन्ही होजच्या तोंडांना बूच मारून मोकळा होऊ पाहील. त्याला थांबवा. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट (तापमानानुसार रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना कूलंट याच वाटेने फिरत राहतं. ही वाट बंद झाली की थर्मोस्टॅटला खरं तापमान कळत नाही आणि इंजिन कुठेतरी एका जागी तापतं. म्हणून फेरा पूर्ण जोडायचाच. काही गाड्यांत याच लाइनवर इतर भागही असतात, आपल्या मॉडेलची लाइन आधी समजून घ्या.

कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच प्रकारचं घ्या. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिमिनरलाइज्ड पाण्यात निम्मंनिम्मं मिसळा, तयार मिश्रणात पाणी घालू नका. बोअरवेलच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

काम पहाटेच करा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तप्त दिवसांत, दुपारी उभी केलेली गाडी संध्याकाळीसुद्धा निवलेली नसते, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं की उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. खाली पसरट टब ठेवा. हे कूलंट विषारी, चवीला गोड असतं. गल्लीतली कुत्री, गाई ते चाटतात. जमिनीवर सांडू देऊ नका, नालीत टाकू नका. अडकलेला होज ओढू नका, कॉइलच्या पातळ नळ्या वाकतात. तो बदलायचाच असेल तर लांबीत चीर द्या. कॉइलच्या मोकळ्या तोंडांना मात्र टोप्या घाला, नाहीतर आत राहिलेलं कूलंट पुन्हा कार्पेटवर येईल.

सर्वात जास्त वेळ हवा काढायला राखून ठेवा. ब्लीड स्क्रू असेल तर सैल करा, हळूहळू भरा, झाकण उघडं ठेवून गाडी आयडलवर चालू द्या, वरचा होज गरम होऊन पंखा लागेपर्यंत बुडबुडे येऊ द्या. पातळी उतरली की थोडं थोडं भरत राहा. मग झाकण लावून शहरातच हिंगणा रोडपर्यंत एक फेरी मारा, टेम्परेचरचा काटा मध्यावर राहतो का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना टाकी आणि जोड तपासा. पातळी हलली नसेल तरच गाडी समृद्धी महामार्गावर काढा.